न्हाणीतला कलश

आमच्या घराण्यात दोन गोष्टी पिढीजात चालत आल्या आहेत. एक तांबं ठोकायची कला आणि दुसरी बहिरेपण. दुसरी पहिलीमुळे येते. माझे वडील, श्रीधर निजामपूरकर, पुण्याच्या तांबट आळीत बाराव्या वर्षी ऐरणीसमोर बसले ते थेट साठीला उठले, आणि उठले तेव्हा दोन्ही कान गेलेले होते. मी हातोडा हातात धरला नाही. शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत बहिऱ्यांसाठी कानाची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात मी सांधे जोडायला लागले. अण्णा चारचौघांत सांगायचे, "आम्ही कान घालवायचे आणि पोरीनं परत बसवायचे. घरातल्या घरात धंदा."

आमचं यंत्र म्हणजे कानामागे कातडीखाली, हाडात बसवायची रुपयाएवढी डबी. तिच्यातून निघालेली केसाएवढी तार कानाच्या आतल्या शंखात सोडतात. बाहेर, केसांत लपेल असा एक छोटा ठोकळा असतो. तो आवाज टिपतो, डबी त्याचे विजेचे ठोके करते आणि ते थेट नसेला मिळतात. डबीत खसखशीच्या दाण्याएवढे सव्वीस सांधे असतात. भिंगाखाली डोळा आणि हातात बारीक तापती सळई घेऊन ते आम्ही बायका जोडत असू. प्रत्येक डबीच्या कार्डावर जोडणारीची आद्याक्षरं असत. माझी 'हे. नि.', हेमांगी निजामपूरकर.

पुढे सांगते ते घडलं त्याच्या चार वर्षं आधी अण्णांचं ऑपरेशन झालं तेव्हा मी हट्ट धरला की त्यांच्या कानात माझ्याच हातची डबी बसली पाहिजे. आमच्या प्रमुख डॉ. लतिका घोरपडे म्हणाल्या की यंत्राला नातीगोती कळत नाहीत. पण तांबटाच्या घरात पाणी प्यायचं ते घरच्या माणसानं घडवलेल्या तांब्यातून, ही आमची रीत. त्यांनी माझं ऐकलं. यंत्र सुरू झालं त्या दिवशी अण्णा आळीत उभे राहून शेजारच्या दुकानातले ठोके ऐकत होते आणि कोणाचा हात कच्चा आहे ते मला सांगत होते. इतका आनंद मला त्याआधी कशानंच झाला नव्हता.

आता थोडं धातूबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

तांबं असो, कथील असो, हवेत उघडं पडलं की क्षणात त्याच्यावर एक साय धरते. हवेतला प्राणवायू त्याला चिकटतो आणि धातूचा ऑक्साइड तयार होतो. डोळ्यांना दिसणार नाही इतका पातळ, पण पुरा हट्टी. वितळलेलं कथील त्याच्यावर ओतलं तर अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखं घरंगळतं. म्हणून कल्हईवाला तापल्या पातेल्यात आधी नवसागराची चिमूट टाकतो. पांढरा धूर निघतो, साय खाल्ली जाते आणि कथील सरसर पसरतं. आमच्या सांध्यांत नवसागराच्या जागी राळेपासून केलेला लेप असायचा, एवढाच फरक. गोम अशी, की साय खाणारा लेप काम झालं म्हणून उठून जात नाही. त्याचा अंश मागे राहतो. धुतला तरी कोपऱ्यात कणभर उरतो आणि पुढे दमट जागा मिळाली की त्याच धातूला आतून कुरतडू लागतो. माणसाच्या शरीराइतकी दमट जागा दुसरी कुठली?

लतिकाबाईंनी आठ वर्षं खर्चून लेपाशिवाय साय काढायचं यंत्र उभं केलं. कपाटाएवढी काचेच्या दाराची पेटी. आत नायट्रोजन, त्यात भडका उडणार नाही इतपत थोडा हायड्रोजन. वर हजारो सुया, माणसाच्या केसाहून बारीक. सुयांच्या टोकांवरून इलेक्ट्रॉन झरतात, अगदी मंद, आणि हायड्रोजनला चिकटतात. एरवी हायड्रोजन सुस्त असतो, साय काढायला त्याला भट्टीसारखी आच लागते. पण हा विजेचा भार अंगावर आला की तो धातूकडे ओढला जातो, सायीतला प्राणवायू उचलतो आणि त्याचं पाणी होऊन वाफ निघून जाते. ना धूर, ना राख, ना कोपऱ्यातला कण. धातू नुसता न्हाऊन निघतो, म्हणून कारखान्यात सगळे त्या पेटीला 'न्हाणी' म्हणू लागले. मग वरून एक तबक हळूच खाली येई आणि सांधा दाबून धरी. कथील मात्र लागायचंच. त्याशिवाय जोड होईल असं कोणाच्या मनातही नव्हतं.

न्हाणी उभी राहिली त्या वर्षी तिची पहिली खंडेनवमी होती. आमचे मिस्त्री मारुतराव इंगवले हत्यारांच्या पूजेला फार कडक. पान्ह्यांपासून बसच्या चार्जरपर्यंत सगळ्यांना झेंडूच्या माळा पडल्या आणि न्हाणीच्या तर आतच पूजा मांडली गेली. कलश आणि ताम्हण माझ्या घरचं, अण्णांच्या हातचं. यंत्रात पाणी नको म्हणून इंगवल्यांनी कलशात तांदूळ भरले, वर सुपारी ठेवली, कलशावर हळदकुंकवाची पाच बोटं ओढली आणि दार लावून घेतलं. मांडलेली पूजा दसऱ्याच्या सकाळपर्यंत हलवायची नसते. ते बरोबरच होतं. फक्त महिन्यातून एकदा सुया तापवून स्वच्छ करण्याचा, वायू आणि तबकासकट सगळं चालवून बघणारा चौदा तासांचा फेरा यंत्र आपणहून सुरू करतं आणि त्याची तारीख तीच आहे, हे कोणाच्या लक्षात नव्हतं.

दसऱ्याला सकाळी मी पोचले तर इंगवले न्हाणीसमोर घाम पुसत उभे होते.

"ताई, कलश सुटना झालाय," ते म्हणाले. "उचलला की ताम्हण संगं येतंय. माझ्या हातनं काय वंगाळ झालं का?"

आतून भाजलेल्या तांदळाचा खरपूस वास येत होता. सुपारी तबकाखाली चिरडली होती. पण मी बघत राहिले ते रंगाकडे. जन्म तांब्यात काढलेल्या घरातली मी, आणि खरं तांबं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. लालसर नव्हे, तपकिरी नव्हे. नुकत्याच जन्मलेल्या मुलाच्या तळव्यासारखं गुलाबी. पाच बोटांच्या जागी मात्र हळदकुंकू जळून काळं झालं होतं आणि त्याखालचं जुनं तांबं तसंच राहिलं होतं. मला हात लावायचं धाडस होईना.

लतिकाबाई धावत आल्या. त्यांनी कलशाच्या बुडाशी भिंग लावलं, मग ते मला दिलं. कथील नव्हतं. काहीच नव्हतं. कलशाचं बूड ताम्हणाला जिथे टेकलं होतं तिथे रेघच दिसत नव्हती.

बाई जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि आम्हाला समजावू लागल्या, की स्वतःला समजावू लागल्या, कोण जाणे. वाटीत चमचा ठेवला तर तो परत उचलता येतो, हे आपण गृहीत धरतो. तो उचलता येतो कारण दोघांच्या अंगावर साय आहे. ती पुरी काढली आणि तांब्याचे दोन तुकडे जवळ आणले तर इकडच्या अणूला तिकडचा अणू परका वाटायचं कारणच उरत नाही. अवकाशात, जिथे हवा नाही, तिथे उघडे धातू असे चिकटतात हे माहीत होतं. शिरवळला, कल्हईच्या निम्म्या आचेवर, सुपारी चिरडण्याइतक्या दाबानं ते होईल असं कुणी म्हटलं असतं तर बाईंनी त्याला हसून घालवलं असतं.

"म्हणजे सगळं जग एकमेकांपासून सुटं आहे ते एवढ्याशा मळामुळे," त्या म्हणाल्या. इंगवल्यांनी न्हाणीला पुन्हा एकदा नमस्कार केला. मीही केला. लाज वाटली नाही.

आता प्रश्न होता तो जोड खरंच आरपार झालाय का, याचा. नुसता वरवर चिकटलेला सांधा कोणाच्या डोक्यात बसवता येत नाही. सरळ उपाय म्हणजे कापून बघणं. करवत आणायला सांगितल्याबरोबर इंगवले आडवे आले. पूजेचा कलश कापायचा असेल तर आधी माझा राजीनामा घ्या, म्हणाले. बाईंनी तशाच जोडाचे नवे तुकडे करू पाहिले, पण सुया त्या लांब फेऱ्यात बिघडल्या होत्या, नव्या यायला दीड महिना होता. मग मी तो कलश कापडात गुंडाळून दोन प्रयोगशाळांत फिरवला. एकीनं क्ष-किरण टाकले, दुसरीनं ध्वनिलहरी. ठोकून घडवलेल्या भांड्याच्या हजार खळग्यांत त्यांचे आकडे हरवून गेले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो अक्षरशः मी घातला, कारण कलश घडवणारा माणूस आळीत बसून होता आणि त्याला विचारायचं मला सुचलं नाही.

शेवटी एका रविवारी आळीत गेले. अण्णा दोन खोल्यांच्या घरात एकटेच राहतात, आई जाऊन आठ वर्षं झाली. गेलं वर्षभर ते साधा फोन घेत नव्हते, तोंड दिसलं पाहिजे म्हणायचे. मला वाटायचं, म्हातारपणी लेकीची ओढ लागली. मी समोर बसून सगळी हकिकत सांगितली. ते माझ्याकडे टक लावून बघत होते, माना डोलवत होते. मग कलश त्यांच्या हातात दिला.

आधी रागावले. माझ्या भांड्याला कथिलाचा डाख कोणी मारला, म्हणाले. मग बोटं बुडाशी फिरली आणि थांबली. पुन्हा फिरली. चष्मा काढून त्यांनी भांडं दिव्यापाशी धरलं. रंग आता थोडा उतरला होता, तरी त्यांचे डोळे भरून आले. मग कलश डाव्या हातावर घेऊन त्यांनी ताम्हणाच्या काठावर बोटाच्या पेरानं एक टिचकी मारली आणि कलशाची कड झटकन आपल्या जबड्याच्या हाडाला लावली. डोळे मिटले. दुसरी टिचकी. तिसरी.

"एक झालंय," ते म्हणाले. "दोन भांडी असली की थरथर सांध्याशी अडखळते. डाख कितीही चांगला असो, अडखळतेच. ही सरळ आली. हेमा, हे मी एकाच पत्र्यातून ठोकलं असतं तरी असं झालं नसतं."

दोन प्रयोगशाळांना न जमलेलं त्यांनी तीन टिचक्यांत सांगितलं होतं. हातोड्याखाली आयुष्य घालवलेला एक म्हातारा हाडातून अणूंची गोष्ट ऐकत होता. आणि त्या कौतुकातच मला दुसरी गोष्ट दिसली.

तांबट भांडं कानाशी धरतो. अण्णांच्या कानामागे ठोकळा होता, त्यावरचा हिरवा दिवा चालू होता. मग त्यांनी कलश जबड्याला का लावला?

मी उठले, पाणी आणायच्या निमित्तानं त्यांच्या पाठीमागे गेले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "अण्णा, कधीपासून ऐकू येत नाही?"

ते कलशावरून बोटं फिरवत राहिले. मी पुन्हा विचारलं, मोठ्यानं. मग समोर येऊन, ओठ हलताना दिसतील असं विचारलं. त्यांनी मान खाली घातली.

"गेल्या वर्षीच्या आषाढापासून," ते म्हणाले. "आधी खरखर, मग काहीच नाही. ओठांवरून कळतं मला. आळीत सगळ्यांनाच येतं ते थोडंथोडं."

सव्वा वर्षं हा माणूस माझ्या प्रत्येक शब्दाला मान डोलवत होता, मी विनोद केला की मला बघून हसत होता. मी विचारलं, सांगितलं का नाही. त्यांनी कपाटातून आपल्या डबीचं कार्ड काढलं आणि कोपऱ्यातल्या 'हे. नि.' वर बोट ठेवलं.

"माझ्या भांड्याला गळती लागली की गिऱ्हाईक दारात येऊन चार लोकांत बोलायचं. मी ऐकून घेतलंय आयुष्यभर. तुझ्या दारात पहिलं गळकं भांडं घेऊन मी येऊ?"

मी रडले. रागानं रडले की मायेनं, ते आजही सांगता येणार नाही. पण रडता रडताच एक गोष्ट मनात लख्ख झाली. अण्णांची डबी एकटी नव्हती. त्या खेपेत माझ्या हातच्या एकशे चाळीस डब्या होत्या, एकाच लेपानं जोडलेल्या, एकाच तऱ्हेनं धुतलेल्या. त्यांतल्या निम्म्याहून जास्त लहान मुलांच्या डोक्यात होत्या. चार-पाच वर्षांच्या पोराला ऐकू येईनासं झालं तर ते ओठ वाचत नाही. ते बोलायचंच थांबतं.

अण्णांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. लेकीची लाज झाकायच्या नादात आपण किती जणांचं झाकलं, हे त्यांना त्याच क्षणी कळलं असावं. ते उठले, सदरा चढवला आणि म्हणाले, चल, मी पण येतो.

सोमवारी आम्ही दोघं लतिकाबाईंसमोर बसलो. मी सगळं सांगितलं. नातं लावून डबी घेतली ते, आणि सांधे माझे होते तेही. बाईंनी अण्णांची डबी बाहेरून तपासली. आवाज नेणाऱ्या वाटांपैकी दोनच जिवंत होत्या, त्याही मरणपंथाला. लेपाचा कणच असणार. बाईंनी त्या खेपेतल्या प्रत्येक घरी पत्र पाठवायचा हुकूम काढला. माझी सळई त्याच दिवशी काढून घेतली गेली. चौकशी होईपर्यंत मी सांध्याला हात लावायचा नाही, असं ठरलं, आणि ते योग्यच होतं.

तपासणीत अण्णांची सोडून आणखी अकरा डब्या खराब निघाल्या. त्या अकरांपैकी चार माणसं अण्णांसारखीच माना डोलवत होती. एका सहा वर्षांच्या मुलीनं बोलणं टाकलं होतं, आणि घरचे तिला हट्टी म्हणत होते.

पुढची दोन वर्षं न्हाणीची होती. नव्या सुया आल्या, जोड पुन्हा पुन्हा झाला, कापून झाला, खाऱ्या पाण्यात बुडवून, तापवून, वाकवून झाला. जगभर ती बातमी पसरली. कथिलाशिवाय, लेपाशिवाय, धातूला धातू. विमानांचे पंख जोडणारे आले, समुद्रातल्या तारा जोडणारे आले. मोडलं तर सुटं कसं करायचं, अशी ओरडही सुरू झाली, कारण न्हाणीतून निघालेलं काही उकलता येत नाही. इंगवल्यांना मोठमोठी माणसं पूजेची रीत विचारत आणि ते गंभीरपणे सांगत, की कलशात पाणी घालायचं नाही. चौकशीत दोष लेपाचा आणि धुण्याच्या पद्धतीचा ठरला. मला परत घेतलं गेलं, पण सळईवर नाही. न्हाणीवर.

नव्या डब्यांची पहिली खेप निघाली तेव्हा लतिकाबाईंनी आपण होऊन अण्णांचं नाव वर घातलं. त्यांच्या टिचकीनं कामाला दिशा दिली होती. अण्णांनी ते खोडलं.

"गिऱ्हाईक आधी," ते म्हणाले. "घरच्या पातेल्याला कल्हई सगळ्यात शेवटी. मला एकशे चाळिसावा नंबर द्या."

मी भांडले. वय बहात्तर, भूल झेपेल न झेपेल, पुढे किती दिवस हातात आहेत. त्यांनी माझे ओठ वाचायलाच नकार दिला. डोळे मिटून घेतले की त्यांच्याशी वाद घालायची सोयच राहत नसे. अकरा खराब डब्या आधी बदलल्या, मग ज्यांनी मागितल्या त्यांच्या. ती सहा वर्षांची मुलगी आता आठची झाली होती. तिच्या आईनं कारखान्यात फोन केला आणि नुसती मुलीची बडबड ऐकवली, पाच मिनिटं. तो फोन मी टिपून ठेवला होता, तो अण्णांना लावून दाखवला. त्यांना अर्थातच काही ऐकू आलं नाही, पण माझं तोंड बघून ते समजले.

अण्णांची पाळी माघात आली. त्यांच्या डबीचे सव्वीस सांधे न्हाणीत झाले तेव्हा ते काचेच्या दारासमोर खुर्ची टाकून बसले होते. आत तार क्षणभर गुलाबी झाली, तबक खाली आलं, वर गेलं. एवढंच. त्यांनी हात जोडले. म्हणाले, ठोक्याशिवाय काम होतं, हे बघायला मिळालं.

ऑपरेशन नीट झालं. महिन्यानं यंत्र सुरू करायचा दिवस आला. तपासणाऱ्या बाईंनी विचारलं, पहिला आवाज कोणाचा ऐकायचा? माणसं बहुधा नातवाचं नाव घेतात. अण्णांनी पिशवीतून तो कलश काढला. जवळजवळ अडीच वर्षांत त्याचा रंग पुन्हा आपल्या नेहमीच्या तांब्याचा झाला होता. पाच बोटं तेवढी अजून दिसत होती.

बाईंनी बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. मी श्वास धरून बसले, कारण दिवा मागच्या वेळीही हिरवाच होता.

अण्णांनी कलश डाव्या हातावर घेतला आणि ताम्हणाच्या काठावर टिचकी मारली. सवयीनं त्यांचा हात जबड्याकडे गेला. निम्म्या वाटेवर तो थांबला. ते तसेच थांबून राहिले, आणि खोलीत तो एकसंध नाद हळूहळू विरत गेला.

मग त्यांनी कलश कानाशी नेला, दुसरी टिचकी मारली आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "हेमा, बोल काहीतरी."